खाऱ्या पाण्याचें बिऱ्हाड

मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, तें समुद्राच्या काठींच. सोलापुरास समुद्र कोठला! येथें कोणा हौशी गृहस्थास समुद्रमाशांची ५०० लिटरची काचपेटी नव्या घरीं न्यावयाची झाली, तर तो जुनें पाणी जिवापाड जपतो आणि दगड मात्र नळाखालीं धुऊन काढतो. घात होतो तो येथेंच. माशांच्या उत्सर्गांतील विषारी अमोनिया निवारणारे सूक्ष्म जंतु वसतात दगडांवर व वाळूंत. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन त्यांचा संहार करतो. दगड पेटींतल्याच पाण्यांत बुडवून न्यावे. नवें पाणी क्लोरीन घालवून, लिटरास सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळून आदल्या दिवशींच सिद्ध ठेवावें. स्वयंपाकाचें मीठ उपयोगाचें नाहीं. मासे पहाटेच हलवावे. तापल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो, आणि सोलापूरचें ऊन वैशाखाची वाट पाहत नाहीं.