मयताच्या नांवाची ठेव
(सुतारतात्यांच्या शोकसभेंत गांवच्या शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



तात्यांना जाऊन आज तेरा दिवस झाले. शाळेच्या खिडक्या, देवळाचीं दारें, आपले पाभर-कुळव, सारें त्यांच्या हातचें. त्यांच्या मुलानें तेराव्याचें गांवजेवण न घालतां 1 लाख रुपये बापाच्या नांवें बाजूस काढले आहेत. हें सोपें नव्हतें. भाऊबंदांचीं बोलणीं त्यानें ऐकलीं आहेत. आतां कोणी म्हणतो वेशीवर कमान बांधा, कोणी म्हणतो पोरांच्या शिक्षणाला द्या. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. पण नुसतें "द्या" म्हणून भागत नाहीं, हें मी स्वतःच्या चुकीवरून सांगतों.

माझ्या बापानें बैलजोडी विकून मला अध्यापक विद्यालयांत धाडलें. ते 2009 सालीं वारले. आम्हां भावांनीं 20,000 रुपये जमविले आणि पुण्यतिथीस वह्या वाटूं लागलों. पोरें रांगेंत उभीं, मागें बापाची तसबीर, पुढें पाहुणे, हार, नारळ, चहा. एका वर्षीं एका पोरानें विचारलें, "गुरुजी, फोटो झाला, आतां वही बघूं का?" पांचव्या वर्षीं पैसे संपले. आमच्याच आळींतली एक हुशार पोरगी त्याच सालीं नववींतून निघाली आणि खुरपायला जाऊं लागली. तिच्या घरीं माझ्या बापाच्या नांवाच्या पांच वह्या होत्या.

चूक दोन ठिकाणीं झाली. आम्ही मुद्दल खाल्लें, आणि जें दिलें तें सगळ्यांना थोडें थोडें दिलें.

आतां तात्यांच्या रकमेचा हिशेब करूं. शेकडा 6 व्याज धरलें तर वर्षाला 6,000 येतात. तीस पोरांना वांटले तर दरडोई 200. तेवढ्यानें कोणाची शाळा टिकत नाहीं. त्यांतले 1,500 मुद्दलांत परत टाकावे, कारण महागाई मुद्दलाला उंदरासारखी कुरतडते. उरलेले 4,500 एकाच मुलीला द्यावे, नववीपासून बारावीपर्यंत चार वर्षें. नववीच कां? 2010 पासून अमलांत आलेल्या कायद्यानें आठवीपर्यंत शिक्षण मोफत व सक्तीचें आहे. गळती पुढें लागते. मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो हें खरें, पण पुस्तकें, परीक्षेचे अर्ज, चष्मा, आणि घरांत बुडणारी तिची मजुरी, यांना पास चालत नाहीं. 4,500 रुपयांत तिची सगळी मजुरी भरून निघणार नाहीं, हेंही सांगून ठेवतों. पण आईबाप डगमगतात तो महिना त्यांत निभावतो.

मोठ्या माणसांनींही असेंच केलें. 1913 सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकरांस अमेरिकेंत शिकावयास पाठविलें, तें शाल-श्रीफळ देऊन नव्हे, तर तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. 1939 सालीं महाराज निवर्तले; 1940 सालीं भाऊराव पाटलांनीं साताऱ्यास त्यांच्या नांवाचें मोफत निवासी हायस्कूल काढलें. त्याच भाऊरावांच्या वसतिगृहांतल्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धां. आपल्याला तेवढें जमणार नाहीं, पण रीत तरी त्यांची घ्यावी.

आतां पैसा ठेवावयाचा कोठें? स्वतंत्र ट्रस्ट काढला तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आली, दर वर्षींचे हिशेब आले. लाखभर रुपयांना हा व्याप परवडत नाहीं. त्यापेक्षां ज्या नोंदलेल्या शिक्षणसंस्थेचे हिशेब उघडे असतात, तिच्याकडे कायम ठेव ठेवावी. पावती घ्यावी आणि तिचा लेखी ठराव घ्यावा: मुद्दलाला हात लावावयाचा नाहीं, व्याज दुसऱ्या कामीं वापरावयाचें नाहीं. तोंडी कबुलीवर विसंबूं नये. संस्थेचे चालक बदलतात, आणि नव्या चालकाला जुनें बोलणें आठवत नाहीं.

मुलगी कोणी निवडावी? एकट्या हेडमास्तरांनीं नको, एकट्या तात्यांच्या घरच्यांनींही नको. पांच जण असावेत. त्यांत दोन बाया, आणि त्यांतली एक मजुरीला जाणारी. कोणत्या घरांतून पोरगी शाळेंतून निघणार, हें आम्हां मास्तरांच्या आधीं तिला कळतें. जात विचारूं नये. तात्यांनीं कुळव घडवितांना विचारली नाहीं. नुसते मार्कही पाहूं नयेत. तात्यांच्या भावकींतल्या मुलीस देऊं नये, हें त्यांच्या मुलाला कडू लागेल, पण त्याशिवाय गांव विश्वास ठेवणार नाहीं. आणि हात जोडून सांगतों, त्या पोरीला तसबिरीसमोर उभी करूं नका. पैसे महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यावर जावेत.

कोणाला यांत भर घालावयाची असेल त्यानें सुगीनंतर घालावी. आज शोकाच्या भरांत आकडे बोलूं नयेत. ते वसूल करतांना पुढें तोंडें वांकडीं होतात.

ठरावाचा कागद मीं लिहून आणला आहे. तात्यांच्या मुलानें तो घरीं न्यावा, आईला वाचून दाखवावा, आणि तिला पटला तरच सही करावी. खालीं पांच जणांच्या नांवांसाठीं जागा कोरी ठेविली आहे. माझें नांव त्यांत घालूं नका. माझी बदली केव्हांही होईल.