गिऱ्हाइकाचा शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या शहरातील लहान मराठी व्यावसायिकांसंबंधी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली. भांडवल, जागा, कर्ज आणि परवाने या विषयांवर अधिकारवाणीने बोलू शकतील अशी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रांतात आम्ही शिरणार नाही. ज्या गोष्टीला भांडवल लागत नाही, जी द्यावयास गिऱ्हाइकाची पाच मिनिटे पुरतात आणि तरीही जिच्यावाचून लहान धंदा तग धरीत नाही, अशा एका गोष्टीविषयी आम्ही बोलणार आहोत. ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाचा अभिप्राय.

अभिप्राय हा शब्द उच्चारताच हल्ली डोळ्यांसमोर येतात ते मोबाइलवरील पाच तारे. परंतु गोष्ट मोबाइलहून फार जुनी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक लहानशी पाटी जपून ठेवलेली आहे. इसवी सनापूर्वी १७५० च्या सुमारास, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने उर शहरातील एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्यास पाठविलेली ती तक्रार आहे. तांबे कबूल केलेल्या प्रतीचे नाही, असे नन्नीचे म्हणणे. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. आपल्या निरोप्याला तुच्छतेने वागविले गेले, याचीही सल त्याच्या मनात आहे. मालाचा दर्जा आणि माणसाची वागणूक, या दोनच तराजूंत गिऱ्हाईक तेव्हाही दुकानदाराला तोलीत होते आणि आजही तोलते.

मग अभिप्रायाचे महत्त्व मोठ्या धंद्यापेक्षा लहान धंद्यालाच अधिक का? कारण मोठ्या कंपनीचे नाव माल घरात येण्यापूर्वीच जाहिरातीने घराघरांत पोहोचलेले असते. लहान व्यावसायिकाची ओळख कोण करून देणार? जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मर्मभेदी विचार मांडला, आणि पुढे २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. चांगला माल कोणता आणि वाईट कोणता हे गिऱ्हाइकाला विकत घेण्यापूर्वी कळत नसेल, तर ते सर्वांनाच बेताचा भाव देऊ करते. त्या भावात चांगला माल देणाऱ्याला परवडत नाही, तो बाजारातून उठतो आणि मागे उरतो तो हलका माल. म्हणजे अज्ञानाची किंमत गिऱ्हाईक तर देतेच, परंतु अधिक किंमत प्रामाणिक विक्रेता देतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा खरा शब्द हे अज्ञान दूर करतो.

याला आकड्यांचाही आधार आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरातील उपाहारगृहांची विक्री आणि गिऱ्हाइकांनी त्यांना दिलेले तारे त्यांनी ताडून पाहिले. एक तारा वाढला की विक्री सुमारे ५ ते ९ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष पुढचाच आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या उपाहारगृहांवर दिसला. ज्यांच्या गावोगावी शाखा आहेत त्यांच्यावर दिसला नाही. मोठ्याला लोक नावाने ओळखतात, लहानाला लोकांच्या बोलण्यावरून ओळखतात, हा याचा सरळ अर्थ होय.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. पुण्यात, सांगलीत किंवा रत्नागिरीत एखाद्या दुकानाचे नाव आजीकडून आईला आणि आईकडून मुलीला कळते. नोकरीनिमित्त गुजरातच्या या औद्योगिक शहरात आलेल्या आपल्या कुटुंबांना अशी पिढीजात शिफारस लाभलेली नाही. येथे कोणी भगिनी पोळी-भाजी केंद्र काढते, कोणी दिवाळीचा फराळ करून देते, कोणी शिवणकाम करते, कोणी विजेची दुरुस्ती करतो. त्यांची पहिली गिऱ्हाइके आपणच, मंडळातील घरे. ही मोठी सोय आहे आणि मोठी मर्यादाही आहे. गणपती-दिवाळीच्या मागणीवर बारा महिन्यांचे भाडे निघत नाही. धंदा उभा राहावयाचा तर शेजारच्या सोसायटीतील गुजराती कुटुंबाने, पलीकडच्या तामिळ आणि ओडिया कुटुंबानेही त्या दाराशी यावयास हवे.

ते का येत नाहीत? थालीपीठ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसते. मिसळ जिभेला सोसेल की नाही याची धास्ती असते. जैन कुटुंबाला कांदा-लसूण आणि कंदमुळे टाळून काही मिळेल का, हे विचारावयाचे असते. या शंकांचे निरसन दुकानावरील पाटी करू शकत नाही, कारण पाटी मालकाने लिहिलेली असते. ‘येथील थालीपीठ भाजणीचे असते, लोण्याबरोबर देतात, मिसळीचा रस्सा वेगळा मागता येतो, आदल्या दिवशी सांगितल्यास कांदा-लसणावाचूनही करून देतात’, एवढ्या चार ओळी एखाद्या गिऱ्हाइकाने गुजरातीत किंवा हिंदीत लिहिल्या, तर अनोळखी माणसाला उंबरठा ओलांडण्याचे धैर्य येते. ‘बोले तेनां बोर वेचाय’, जो बोलतो त्याची बोरे विकली जातात, असे येथील लोक म्हणतात. आमची पुस्ती एवढीच, की विकणाऱ्याने स्वतः बोलण्यापेक्षा बोरे खाल्लेल्याने बोललेले लोकांना अधिक पटते.

परंतु बोलण्याच्या आड येते ती आपली भीड. येथे थोडे थांबावयास हवे.

आमच्या परिचयाच्या एका भगिनीने काही वर्षांपूर्वी पोळ्या करून देण्याचे काम सुरू केले. हात उत्तम, हिशेब चोख. सकाळी आठाच्या आत घरोघरी पुडकी पोहोचत. आरंभी मागणी चांगली होती. मग एकेक घर गळू लागले. हळदीकुंकवाला भेटणाऱ्या साऱ्या जणी ‘छान असतात हो तुमच्या पोळ्या’ असे म्हणत, आणि पुढच्या महिन्यात ‘सध्या घरीच करते’ असा निरोप येई. भाव कमी करून पाहिला, उपयोग झाला नाही. काम बंद करण्याचा विचार पक्का होत आला असता एका वयस्क काकूंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितले, ‘अगं, पोळी चांगलीच असते, पण तू ती गरम असतानाच पिशवीत भरतेस. वाफ धरते, आणि डबा उघडेपर्यंत पोळ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटतात.’ दोष पोळीत नव्हता, बांधणीत होता. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या फडक्यावर पसरून, निववून मग बांधल्या जाऊ लागल्या. गेलेली सगळी घरे परत आली नाहीत, पण काम वाचले. पुढे त्या भगिनी आम्हांस म्हणाल्या, ‘वाईट बोलल्याचं मला काही वाटलं नाही. चार महिने कुणी बोललं नाही, त्याचं वाटलं.’

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आमच्या भाषणाचे सार आले आहे. तोंडावर स्तुती करून पाठ फिरविणे याला आपण सौजन्य समजतो. ते सौजन्य नव्हे. परमुलखात आपल्या माणसाचे मन दुखवू नये ही भावना सुंदर आहे, परंतु तिची किंमत त्या माणसाला आपल्या चुलीवर मोजावी लागते. मोठ्या कंपनीजवळ गिऱ्हाईक का गेले हे शोधावयास पगारी माणसे असतात. लहान व्यावसायिकाजवळ आपल्या शब्दाखेरीज दुसरे साधन नाही.

आपल्या परंपरेत असा रोखठोक अभिप्राय मुळीच नवा नाही. मुंबईतील गिरण्यांच्या काळात हजारो कामगार खानावळींत जेवत. अशा खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने संघटित केले. रोज त्याच पंक्तीला बसणाऱ्या माणसाला आमटी पातळ झाली हे सांगावयास कागद-पेन लागत नाही, आणि स्वयंपाक करणारीलाही ते ऐकून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. मुंबईच्या डबेवाल्यांचे काम तर १८९० च्या सुमारास सुरू झाले. सकाळी गेलेला डबा दुपारी घरी परत येतो, आणि झाकण उघडताच कळते की कोणता कप्पा रिकामा झाला आणि कोणत्या कप्प्यातील भाजी तशीच राहिली. याहून प्रामाणिक अभिप्राय कोणता असेल? आज पुडके एकदा दाराबाहेर गेले की परत येत नाही. म्हणून डब्याने मुकाट्याने सांगितलेली गोष्ट आता आपणांस शब्दांनी सांगावी लागते.

ती कशी सांगावी? प्रथम, नेमकेपणाने. ‘छान’ आणि ‘बेकार’ हे दोन्ही शब्द व्यावसायिकाला सारखेच निरुपयोगी आहेत. ‘चकली चवीला उत्तम, पण तिसऱ्या दिवशी मऊ पडली’ यात त्याला सुधारणेची वाट सापडते. दुसरे, उणीव असेल तर आधी मालकाला सांगावी आणि सुधारण्यास अवसर द्यावा. समाधान झाले तर ते मात्र चारचौघांत, लेखी सांगावे. तिसरे, घरगुती रुसवेफुगवे किंवा मंडळातील मतभेद अभिप्रायात आणू नयेत. निवडणुकीतील राग फराळावर काढणे हा अन्याय आहे. आणि चौथे, आपला म्हणून खोटी स्तुतीही करू नये. त्या स्तुतीवर विसंबून आलेले परके गिऱ्हाईक फसले, तर ते एकाच दुकानाला नव्हे, सर्वच मराठी दुकानांना नावे ठेवील.

आता व्यावसायिकांसाठी दोन शब्द. प्रतिकूल अभिप्राय आला की जेवण गोड लागत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही उत्तर द्यावे. थोडक्यात, नम्रपणे आणि काय सुधारले ते सांगून. डेव्हिड प्रोसर्पिओ आणि जॉर्जिओस झेर्वास या संशोधकांनी अमेरिकेतील टेक्सास राज्यातील हॉटेलांचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जी हॉटेले गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांना उत्तरे देऊ लागली, त्यांना येणारे अभिप्राय सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि ताऱ्यांची सरासरीही थोडी वर गेली. गाऱ्हाणी संख्येने घटली, पण जी आली ती अधिक सविस्तर होती. मालक वाचतो आहे हे दिसले की माणूस उगाच शेरा मारीत नाही. तक्रार करावयाची तर कारणे देऊन करतो.

आणि तारे विकत घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्ये अंमलात आला. त्याखालील ई-कॉमर्सच्या नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी १९००० क्रमांकाचे मानकही जाहीर केले. पण कायद्याची गोष्ट सोडा. भाच्यांनी आणि मेव्हण्यांनी दिलेल्या पन्नास पंचतारांकित शिफारशींपेक्षा दहा खरे, थोडे कमी-अधिक बोलणारे अभिप्राय लोकांना अधिक विश्वसनीय वाटतात, हे व्यवहार जाणणाऱ्यास सांगावयास नको.

शेवटी मंडळाला एक विनंती. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून घरगुती मालाच्या वितरणाची पद्धत रुजविली. गटाने बोलल्यास एकट्यादुकट्याची भीड आड येत नाही. आपल्या मंडळानेही दिवाळीच्या विक्रीकेंद्रात प्रत्येक व्यावसायिकासमोर एक अभिप्राय-वही ठेवावी, नाव लिहिण्याची सक्ती करू नये, आणि तुळशीच्या लग्नानंतर त्या वह्या ज्याच्या त्याला घरी नेऊन द्याव्यात. ज्यांना गुजराती लिहिता येते अशा आपल्या तरुण मुलामुलींनी वर्षभर मिळून, मनापासून आवडलेल्या दुकानांविषयी चार-चार खऱ्या ओळी लिहाव्यात. पन्नास वर्षांपूर्वी मंडळाची पहिली वर्गणी गोळा करणाऱ्यांनी घरोघरी जाऊन माणसे जोडली. आज ज्यांनी या शहरात धंदा मांडला आहे, त्यांना वर्गणी नको आहे. त्यांना आपला खरा शब्द हवा आहे, आणि तो देणे आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

या भाषणाविषयीचा आपला अभिप्रायही, चहापानाच्या वेळी, नेमक्या शब्दांत ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत.