लेखक कोण? : लहान शब्दांची साक्ष

पुष्कळ वर्षें निबंध तपासलेल्या शिक्षकापुढें नांव झाकून वही ठेवली, तरी दहा ओळी वाचतांच तो बहुधा सांगतो कीं, हा निबंध अमक्याचा आहे. आणि हा दुसरा मात्र मुलानें घरच्या वडीलमाणसाकडून लिहवून आणलेला दिसतो. कशावरून, असें विचारलें तर त्याला धड उत्तर देतां येत नाहीं. वाङ्मयाच्या पंडितांचेंहि शतकानुशतकें असेंच चाललें होतें. एखाद्या निनांवी ग्रंथाचा वाद निघाला, कीं एकानें म्हणावें, ही शैली त्याचीच. दुसऱ्यानें म्हणावें, छे, ही त्याची नव्हेच. आणि शैली म्हणून जी वस्तु आहे ती बोट ठेवून दाखविणें दोघांनाहि साधूं नये. या "कशावरून"चें उत्तर आंकड्यांत देण्याचा जो उद्योग गेल्या पावणेदोनशें वर्षांत झाला, त्याला आज शैलीमापन असें म्हणतात.

त्याची पहिली कल्पना ज्याला सुचली तो गृहस्थ हिंदुस्थानांत जन्मलेला होता. ऑगस्टस डी मॉर्गन हा विख्यात गणिती १८०६ सालीं मदुरा येथें जन्मला आणि पुढें लंडनमध्यें गणिताचा अध्यापक झाला. सेंट पॉलच्या नांवावर असलेलीं सर्व पत्रें खरोखर त्याचींच आहेत काय, हा ख्रिस्ती पंडितांचा जुना वाद. १८५१ सालीं एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत डी मॉर्गननें सुचविलें कीं, मूळ ग्रीक शब्दांतील अक्षरें मोजावीं आणि दर शब्दामागें सरासरी किती पडतात तें पाहावें. एकाच माणसाच्या दोन लेखांत ही सरासरी जितकी जुळेल, तितकी ती दोन निरनिराळ्या माणसांच्या लेखांत जुळणार नाहीं. त्यानें स्वतः मोजण्याचे श्रम घेतले नाहींत. कल्पना मांडून तो मोकळा झाला.

श्रम घेतले ते अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्ता टॉमस मेंडेनहॉल यानें. एक अक्षरी शब्द किती, दोन अक्षरी किती, तीन अक्षरी किती, अशी मोजदाद करून त्यानें १८८७ सालीं निरनिराळ्या लेखकांचे आलेख प्रसिद्ध केले. पुढें शेक्सपियरचीं नाटकें बेकननें लिहिलीं असें मानणाऱ्यांचा पक्ष जोरांत असतांना, बोस्टनच्या एका धनिकानें खर्च सोसला आणि सुमारें वीस लक्ष शब्दांची मोजणी पुरी झाली. ही मोजणी प्रत्यक्षांत दोन स्त्रियांनीं केली. एकीनें शब्द मोजून सांगावयाचा, दुसरीनें यंत्राची कळ दाबून नोंदवावयाचा, असें तें काम महिनेच्या महिने चाललें. या विषयाच्या इतिहासांत मेंडेनहॉलचें नांव सर्वत्र येतें, त्या दोघींचें क्वचितच येतें. १९०१ सालीं निकाल बाहेर पडला. शेक्सपियरमध्यें चार अक्षरी शब्द सर्वांत अधिक, बेकनमध्यें तीन अक्षरी. म्हणून दोघे एक नव्हेत. लोकांना तो पटला.

पण त्यांत एक मोठी गोम होती. शेक्सपियरची बहुतेक रचना पद्यांत आहे, बेकनची मोजलेली रचना गद्यांत. १९७५ सालीं विल्यम्स नांवाच्या संशोधकानें सर फिलिप सिडनीचें गद्य आणि पद्य मोजून दाखविलें कीं, एकाच माणसाच्या गद्यांत व पद्यांत अगदीं तसाच फरक पडतो. तेव्हां मेंडेनहॉलनें मोजला तो शेक्सपियर व बेकन यांमधील फरक, कीं पद्य व गद्य यांमधील, हें सांगतां येण्यासारखें उरलें नाहीं. निष्कर्ष बरोबर असूनहि पुरावा चुकीचा असूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. मोजणारानें दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल घालावा लागतो, ही गोष्ट या शास्त्रानें येथें प्रथम शिकावयाची होती. ती शिकण्यास त्याला फार वर्षें लागलीं.

आतां ज्या वादांत या शास्त्राची खरी कसोटी लागली, तो पाहूं. १७८७ सालच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून 'पब्लियस' या टोपणनांवानें निबंध येऊं लागले. अमेरिकेची नवी राज्यघटना न्यूयॉर्कच्या लोकांनीं मान्य करावी, हा त्यांचा हेतु. एकंदर निबंध ८५. 'फेडरलिस्ट' या नांवानें ते प्रसिद्ध आहेत आणि घटनेचा अर्थ लावतांना तेथील न्यायालयें आजहि त्यांचा आधार घेतात. लिहिणारे तिघे : अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्या वेळीं हॅमिल्टन व मॅडिसन एका मतानें वागत होते. पुढें त्यांचे पक्ष वेगळे झाले आणि मनें दुरावलीं. कांहीं निबंधांतील मतें पुढच्या राजकारणांत अडचणीचीं ठरलीं. म्हणून कोणता कोणी लिहिला हें उघड करण्याची घाई दोघांपैकीं कोणासहि नव्हती. १८०४ च्या जुलैंत हॅमिल्टन ॲरन बर याच्याशीं द्वंद्वयुद्धास उभा राहिला, ११ तारखेस गोळी लागून दुसऱ्या दिवशीं मरण पावला. त्यापूर्वीं थोडेच दिवस आधीं एका स्नेह्याच्या कचेरींत जाऊन, निबंधकर्त्यांची एक यादी त्यानें तेथल्या पुस्तकांत ठेवून दिली होती. १८१८ सालीं मॅडिसननें आपली यादी प्रसिद्ध केली. दोन्ही याद्या जुळवितां बारा निबंध असे निघाले कीं, त्यांवर दोघांचाहि हक्क सांगितलेला होता. दीडशें वर्षें इतिहासकार या बारांवरून भांडत राहिले. आणि जो तो आपल्या आवडीच्या पुढाऱ्याकडे झुकत राहिला.

१९४१ सालीं फ्रेडरिक मॉस्टेलर हा तरुण संख्याशास्त्रज्ञ आपल्या एका सहकाऱ्यासह हा प्रश्न हातीं घेऊन बसला. त्यांनीं वाक्यांची लांबी मोजली. आंकडे आले ते पाहून दोघांनीं कपाळाला हात लावला असेल : हॅमिल्टनच्या वाक्याची सरासरी लांबी ३४.५५ शब्द, मॅडिसनची ३४.५९! एकाच काळचे, एकाच थाटाचें इंग्रजी शिकलेले दोन विद्वान्. ठळक गोष्टींत ते भेद दाखवितील कसे? काम तेथेंच थांबलें.

अठरा वर्षांनीं डग्लस अडेर या इतिहासकारानें मॉस्टेलरला एक बारीकशी गोष्ट कळविली. "असतांना" किंवा "उलट" या अर्थीं हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितो, मॅडिसन 'व्हाइल्स्ट' लिहितो. अर्थ एकच, फरक निव्वळ संवयीचा. पण हा शब्द प्रत्येक निबंधांत येतोच असें नाहीं, तेव्हां तेवढ्यानें भागेना. मग मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनीं असे आणखी शब्द शोधावयास घेतले. पहिल्यानें निबंधांतील एकेक शब्द कागदाच्या लांब फितीवर टंकित करून, फितीचे तुकडे कापून, ते अकारविल्ह्यानें लावण्यांत येत. खोलींत कोणी जोरानें श्वास सोडला तरी तुकडे उडून घोटाळा होई. नंतर संगणक मदतीस आला.

शोधाअंतीं जें हातीं आलें त्याचें मर्म असें : विषयाप्रमाणें बदलणारे वजनदार शब्द, जसे युद्ध, कर, सैन्य, न्यायालय, या कामीं निरुपयोगी आहेत. करांविषयीं लिहिणारा कोणीहि 'कर' हा शब्द लिहिणारच. उपयोगाचे ते 'वर', 'कडून', 'तेथें', 'सुद्धां', 'आणि' अशा अर्थाचे किरकोळ शब्द, ज्यांच्याकडे लिहिणाराचें लक्षच नसतें. लक्ष नसतें म्हणूनच ते त्याच्या स्वाधीन नसतात. माणूस लेखणी उचलतांना मोठे शब्द निवडतो आणि लहान शब्द आपोआप पडत जातात. नक्कल करणारा देखील मोठे शब्दच उचलतो. 'वर' या अर्थाचा इंग्रजी 'अपॉन' शब्द घ्या. हॅमिल्टन तो दर हजार शब्दांत सुमारें तीन वेळां वापरतो. मॅडिसनच्या लेखनांत तो सुमारें सहा हजार शब्दांत एकदां सांपडतो. वादग्रस्त बारा निबंधांत 'अपॉन' जवळजवळ नाहींच. अशा तीस शब्दांची साक्ष अठराव्या शतकांतील बेझ याच्या संभाव्यतेच्या नियमानें एकत्र करून दोघांनीं १९६४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बाराच्या बारा निबंध मॅडिसनचे ठरले. पंचावन्नाव्या निबंधाची साक्ष त्यांतल्या त्यांत दुबळी. तरी तिचाहि कौल मॅडिसनकडेच. नंतर अनेकांनीं निराळ्या रीतींनीं तोच हिशेब केला आणि बहुतेकांचें उत्तर तेंच आलें.

या यशाचें कारण केवळ गणित नव्हे. संशयित दोनच होते. दोघांचें निर्विवाद लेखन हातीं होतें. तें त्याच काळचें, त्याच विषयावरचें, त्याच जातीचें होतें. या गोष्टी जेथें नसतात तेथें हेंच मोजमाप कसें फसवितें, हेंहि एकदां दिसून आलें. १६१२ सालीं छापलेल्या एका शोकगीतावर कवीचीं 'डब्ल्यू. एस्.' एवढींच आद्याक्षरें आहेत. डोनल्ड फॉस्टर या अमेरिकन प्राध्यापकानें शब्दांची मोजदाद करून १९९५ च्या सुमारास तें विल्यम शेक्सपियरचें असें जाहीर केलें. शेक्सपियरच्या समग्र ग्रंथांच्या प्रतिष्ठित आवृत्त्यांत तें छापलेंहि गेलें. पण तें जॉन फोर्ड या दुसऱ्या नाटककाराशीं अधिक जुळतें असें इतर अभ्यासकांनीं दाखविलें, आणि २००२ सालीं फॉस्टरनेंहि तें मान्य केलें. जो उमेदवार यादींत नाहीं, त्याला आंकडे निवडीत नाहींत. दिलेल्यांतला जवळचा कोण, एवढेंच ते सांगतात. २०१३ सालीं 'रॉबर्ट गॅलब्रेथ' या नांवानें आलेल्या कादंबरीची लेखिका जे. के. रोलिंग हीच असल्याचें लंडनच्या एका वृत्तपत्रानें उघड केलें, तेव्हां दोन पंडितांच्या मोजणीनें त्यास पुष्टि मिळाली खरी; परंतु रोलिंगचें नांव वृत्तपत्रास आधीं कोणीतरी कळविलें होतें, हें विसरतां कामा नये.

मराठी माणसास या सर्वांतून आपल्या घरचा एक वाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. १८९८ च्या सुमारास 'सुधारक' पत्रांत शिवराम एकनाथ भारदे यांनीं 'भारद्वाज' या नांवानें लेख लिहून असें प्रतिपादिलें कीं, ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निराळे पुरुष होत. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीहून फार अर्वाचीन दिसते. अभंगांत विठ्ठलभक्ति ओसंडून वाहते, ज्ञानेश्वरींत ती तशी आढळत नाहीं. असे त्यांचे आधार होते. महाराष्ट्रांत मोठी खळबळ उडाली. ज्या माउलीच्या पालखीमागें लक्षावधि लोक आळंदीहून पंढरीस चालत जातात, तिचे कोणी दोन भाग करावे, हें सहन होण्यासारखें नव्हतें. परंतु रागावण्यानें आधार खोटे ठरत नाहींत. त्यांना उत्तरच द्यावें लागतें, आणि तें पुष्कळांनीं दिलें.

मग हा वाद मोजून कां सुटूं नये? ज्ञानेश्वरीपुरती मोजणीची सामग्री मोठी आहे. सुमारें नऊ हजार ओव्या, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील रचना; 'म्हणौनि', 'परी', 'जैसें', 'तैसें', 'कां' अशा लहान शब्दांचा तींत सुकाळ. पण हे 'जैसें' आणि 'तैसें' तेथें इतके येतात तें ज्ञानेश्वरांच्या संवयीमुळें, कीं एका श्लोकाभोंवतीं दृष्टान्तांची रांग उभी करणाऱ्या टीकेच्या स्वरूपामुळें? चार-सहा कडव्यांच्या, टाळावर म्हणावयाच्या अभंगांत अशा रांगेस जागाच नाहीं. मेंडेनहॉलची गद्य-पद्याची चूक येथें पावलोपावलीं वाट पाहत उभी आहे.

त्याहून मोठी अडचण पाठांची. ज्ञानेश्वरींत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. म्हणजे त्यापूर्वींच्या तीन शतकांत लेखकूंचे हात तिच्यावरून फिरले होते. १९०९ सालीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं एका जुन्या पोथीवरून जी ज्ञानेश्वरी छापली, तिच्यांतील शब्दांचीं रूपें प्रचलित प्रतीहून पुष्कळच निराळीं आहेत. अभंगांची तर गोष्टच वेगळी. ते कीर्तनांत, दिंडींत, जात्यावर, तोंडातोंडीं चालत आले. गाणारानें आशय जपला. 'म्हणौनि'चें 'म्हणोनि' आणि पुढें 'म्हणुनी' झालें तें त्याच्या नकळत. ज्या बारीक शब्दांत लेखकाची ओळख राहते, तेच शब्द तोंडीं परंपरेंत पहिल्यानें झिजतात. आणि 'ज्ञानदेव म्हणे' ही नाममुद्रा मागाहून जोडणें तर कोणासहि शक्य होतें. म्हणून या वादांत मोजणीपूर्वीं करावयाचें काम फितीच्या तुकड्यांचें नव्हे. ठिकठिकाणच्या मठांत व फडांवर ज्या जुन्या वह्या आहेत, त्यांतील अभंगांचे पाठ ताडून, कोणता किती जुना हें आधीं ठरवावें लागेल. आणि तें काम आजहि डोळ्यांनींच, एकेक पान उलटून, करावें लागतें.