नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँकेचा किंवा सोसायटीचा फॉर्म भरताना एका रकान्यात आपण कुणाचे तरी नाव लिहितो आणि निर्धास्त होतो. 'नॉमिनी लावलाय, आता काळजी नाही,' असे घरोघरी ऐकू येते. बोलण्यात नॉमिनी म्हणजे आपल्या पश्चात ज्याला मिळणार तो. कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ बहुतेक ठिकाणी वेगळा आहे.

समजा, थोरला मुलगा जवळ राहतो, धावपळ तोच करतो, म्हणून वडिलांनी ठेवीवर त्याचे नाव लावले. वडील गेल्यावर बँक पैसे त्याच्या हाती देते आणि मोकळी होते. पण ते पैसे त्याच्या एकट्याचे होत नाहीत. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ते वाटावे लागतात. हिंदू कुटुंबात आई, मुलगे आणि लग्न झालेल्या मुलीसुद्धा सारख्या वाट्याच्या हक्कदार. आजी हयात असेल तर तिचाही वाटा.

विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले होते, की नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. नॉमिनी आईवडील, पती-पत्नी किंवा मुले असतील तर रक्कम त्यांचीच, अशी तरतूद आली. तिच्या अर्थावरून वाद मात्र चालूच आहेत. शेअर्सबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये नॉमिनीला मालक ठरवले होते. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ते मत चुकीचे ठरवले आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नॉमिनी मालक नाही असाच निकाल दिला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो.

मग नॉमिनी लावू नये का? जरूर लावावा. तो नसेल तर घरच्यांना कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात. पण कुणाला काय द्यायचे हे मृत्युपत्रात लिहा. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र सही दोन साक्षीदारांसमोर हवी आणि त्यांच्याही सह्या हव्यात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला साक्षीदार करू नका.

भावाबहिणींतले अनेक अबोले या एका शब्दाच्या गैरसमजातून सुरू होतात. नॉमिनी झालेल्या भावाला वाटते, बाबांनी मलाच दिले; बहिणीला वाटते, दादाने लुबाडले. बाबांच्या मनात काय होते हे सांगायला बाबाच उरलेले नसतात. ते असतानाच विचारलेले बरे.