छोंगछिंग: ट्रेनच्या रीलबाहेरचं शहर

इमारतीच्या पोटातून आरपार जाणारी ट्रेन. ही रील तुमच्याही फोनवर येऊन गेली असणार. स्टेशन लिझिबा, शहर छोंगछिंग, चीनच्या नैर्ऋत्य भागातलं. रीलखाली हमखास लिहिलेलं असतं, 'बिल्डिंग फोडून ट्रेन नेली'. साफ खोटं! इमारत आणि स्टेशन एकत्रच आखलं, एकत्रच बांधलं. एकोणीस मजल्यांपैकी ६ ते ८ स्टेशनचे, वर लोकांची घरं. गाडी म्हणजे मोनोरेल, आपल्या चेंबूरच्या मोनोसारखी रबरी चाकांची, म्हणून खडखडाट कमी. खाली पर्यटकांसाठी चौथरा केलाय. तिथं तोंड उघडून उभं राहायचं, की ट्रेन गिळल्याचा फोटो मिळतो. काढा की, मजा येते.

पण असं बांधावं का लागलं? कारण सपाट जागाच नाही. यांगत्से आणि च्यालिंग या दोन नद्या, मध्ये डोंगर, डोंगरावर शहर. होंग्यादोंगला नदीकाठच्या रस्त्यावरून पहिल्या मजल्यात शिरा, अकराव्या मजल्यावर बाहेर पडा, तर समोर पुन्हा रस्ता! म्हणजे तळमजला कुठला म्हणायचा? मोबाइलच्या नकाशावर दोन ठिकाणं शेजारी दिसतात आणि मध्ये ढीगभर पायऱ्या निघतात. (गूगल तिथं चालत नाही, चिनी नकाशाचं ॲप आधीच टाकून ठेवा.)

होंग्यादोंगचा फोटो पलीकडच्या काठावरून घ्या. अंधार पूर्ण पडायच्या आधी, आकाशात निळा रंग असतानाच. दिव्यांवर बोट ठेवून उजेड कमी करा, नाहीतर सगळं पिवळं फटफटीत येतं. धुकं असलं तर वैतागू नका, धुक्यासाठीच हे शहर ओळखलं जातं.

आता पायऱ्यांकडे येऊ, कारण खरं छोंगछिंग मला तिथं दिसलं. या पायऱ्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या माल वाहिला तो 'बांगबांग' लोकांनी. बांगबांग म्हणजे काठी. खांद्यावर बांबू, दोरीनं बांधलेलं ओझं. आपली कावडच म्हणा ना. रस्ते, लिफ्ट, सरकते जिने आले आणि हे हमाल कमी होत गेले. चाओथियानमनच्या घाऊक बाजाराजवळ अजून दिसतात. त्याच चाओथियानमनला आज मोशे सफदी यांनी आखलेले आठ टॉवर आहेत, चारांच्या डोक्यावर ३०० मीटर लांबीचा आडवा पूल. कॅमेरे सगळे वर वळलेले. पायऱ्यांवरचा माणूस फ्रेममध्ये आलाच तर 'जरा बाजूला' म्हणून हात हलवणारे पर्यटकही पाहिले मी.

श्यू कांगपिंग या छायाचित्रकारानं २०१० मध्ये इथंच एक फोटो काढला. उघड्या अंगाचा हमाल, खांद्यावर मोठ्ठं ओझं, तोंडात सिगारेट, आणि दुसऱ्या हातात लहानग्या मुलाचं बोट. फोटो चीनभर गाजला. श्यू तेवढ्यावर थांबला नाही, पुढं वर्षानुवर्षं त्याच कुटुंबाकडे जात राहिला, पोराला मोठं होताना टिपत राहिला. आपल्याकडे तीन-चार दिवस असतात, तेवढं जमणार नाही. पण कुणाच्या ओझ्याचा फोटो फुकटात उचलू नका.

एक वाक्य पाठ करा: 'ख-यी फाय-चाओ मा?' म्हणजे, फोटो काढू का? मान हलली तर काढा, लगेच स्क्रीन त्यांना दाखवा. नाही म्हणाले, तर फोन खिशात. आणि हो, जिना चढत असलेल्या माणसाला तर थांबवूच नका, खांद्यावर वजन आहे त्याच्या.