गोकूला शाळेत कुणी घातलं?

आजचा विषय जरा दुखरा आहे. आवडत्या कॉमिकवर सिनेमा येणार म्हणून आपण उड्या मारतो आणि थिएटरमधून तोंड पाडून बाहेर येतो, त्या दुःखाबद्दल आज बोलू. उदाहरण एकच घेऊ, पण जगातल्या सगळ्यात बदनाम उदाहरणांपैकी एक. २००९ सालचा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'.

हा सिनेमा वाईट आहे हे सांगायला मी माइक उघडलेला नाही. ते तुम्हाला कुणीही सांगेल. तो नेमका कुठे चुकला, यावर बोलायचंय. कारण लोक म्हणतात ग्राफिक्स स्वस्तातली होती, गोकूचे केस बरोबर नव्हते. माझ्या मते केसांचा प्रश्नच नव्हता. आधीच सांगतो, पुढे कथेतल्या बऱ्याच गोष्टी उघड होतील. वाचायचं बाकी असेल तर हा भाग नंतर ऐका.

आधी मूळ काय होतं ते बघू. आपल्यापैकी बहुतेकांना गोकू भेटला तो टीव्हीवर. शाळेतून आलो, दप्तर फेकलं की समोर ड्रॅगन बॉल झी. पण त्याच्या मागे एक कॉमिक आहे. अकिरा तोरियामा यांनी ते १९८४ ते १९९५ अशी साधारण साडेदहा वर्षं एका जपानी साप्ताहिकासाठी काढलं. एकूण ५१९ प्रकरणं, ४२ खंड.

आणि त्याच्याही मागे आणखी जुनी गोष्ट आहे, तिचं एक टोक आपल्याकडे येतं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्सांग आठवतोय? सातव्या शतकात चीनहून भारतात आलेला भिक्खू, ज्याने पुलकेशीच्या राज्याबद्दल आणि महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं. त्याच्या त्या प्रवासावर पुढे सोळाव्या शतकात चीनमध्ये एक अफाट कादंबरी आली. त्यात भिक्खूच्या सोबतीला एक खट्याळ, जबरदस्त ताकदीचा वानर आहे, सुन वुखोंग. ढगावर बसून फिरतो, हातात लहानमोठी होणारी काठी. या नावाचा जपानी उच्चार काय होतो माहितीये? सोन गोकू.

म्हणजे तोरियामांनी ही गोष्ट आयती उचलली का? नाही. त्यांनी ती उलटीपालटी केली. भिक्खूच्या जागी बुल्मा नावाची हुशार, हट्टी मुलगी आणली. कादंबरीतल्या डुकराचा ऊलाँग केला. धर्मग्रंथांऐवजी सात ड्रॅगन बॉल्सचा शोध. सगळं बदललं, तरी मजा तीच राहिली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी 'मूळ कथा बदलली म्हणून वाईट' असं अजिबात म्हणणार नाहीये.

आता गोकूची पहिली भेट. डोंगरात एकटा राहणारा, शेपूट असलेला लहान पोरगा. पाठीवर स्वतःहून मोठा मासा घेऊन चाललाय. बुल्माची गाडी त्याला धडकते. त्याने आयुष्यात गाडी पाहिलेली नाही, त्याला वाटतं राक्षस आला. तो गाडीच उचलून आपटतो. ती घाबरून गोळ्या झाडते, तर याला नुसतं दुखतं. आणि थोड्याच वेळात दोघं गप्पा मारत असतात! अवघ्या काही पानांत तुम्हाला हा मुलगा कळतो. त्याला जगातलं काही माहीत नाही, पण त्याला कशाची लाजही नाही. नवीन काही दिसलं की तो खूश.

सिनेमात काय केलं? गोकूला अठरा वर्षांचा केला आणि हायस्कूलमध्ये घातला. तिथे दांडगी पोरं त्याला त्रास देतात. त्याला ची-ची नावाची मुलगी आवडते, पण बोलायची हिंमत होत नाही. घरी आजोबा त्याला सांगतात की तू वेगळा आहेस. म्हणजे एकटा पडलेला, स्वतःवर विश्वास नसलेला, पण नशिबाने निवडलेला हिरो.

आता हा साचा ओळखीचा वाटतो ना? दहा हॉलिवूडपटांत पाहिलेला. साचा वाईट नाही, स्पायडरमॅनला तो चपखल बसतो, कारण पीटर पार्कर तसाच आहे. पण गोकू तसा नाही! गोकूला न्यूनगंड म्हणजे काय तेच माहीत नाही. लोक आपल्याला काय म्हणतील, हा विचार त्याच्या डोक्यात शिरत नाही. तोच काढून टाकला आणि त्याच्या नावाचा दुसराच मुलगा उभा केला.

आणि हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने 'डेथ नोट'चा अमेरिकी सिनेमा काढला. मूळ कॉमिकमधला लाइट म्हणजे वर्गातला पहिला, देखणा, सगळ्यांचा लाडका. त्याला सगळं मिळालंय आणि तो कंटाळलाय, म्हणून तर तो भयानक वाटतो. सिनेमात? शाळेत मार खाणारा, एकटा मुलगा. पुन्हा तोच साचा. दोन कॉमिक्सचे हिरो एकमेकांपासून शंभर कोस दूर, आणि सिनेमात दोघे एकाच बाकावर येऊन बसले.

दुसरी चूक मला जास्त लागली. कॉमिकमध्ये गोकू मास्टर रोशींकडे शिकायला जातो. रोशी म्हणजे चावट म्हातारा, बेटावर राहणारा. तिथे क्रिलिनही येतो. आणि शिकवणी कसली, तर पहाटे उठून घरोघरी दूध टाकायचं, हातांनी शेत नांगरायचं, शार्कपासून वाचत पोहायचं. पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच, पुढे चाळीस किलोचं. आठ महिने! दोघं वैतागतात, की लढाई कधी शिकवणार? शेवटी कवचं उतरवतात, उडी मारतात आणि थेट आभाळात. तेव्हा कळतं, म्हातारा काय शिकवत होता ते.

पण खरी गंमत पुढे. दोघं स्पर्धेत उतरतात आणि रोशी वेश बदलून, खोट्या नावाने त्याच स्पर्धेत उतरतात. अंतिम सामन्यात आपल्याच शिष्याला हरवतात. का? तर पोरं पहिल्याच फटक्यात जिंकली तर त्यांना वाटेल की झालं, आपल्यावर कुणी नाही. आणि हरलेला गोकू काय करतो? रडत नाही, सूड नाही. जगात आपल्यापेक्षा ताकदवान माणसं आहेत हे कळल्यावर तो खूश होतो!

माझ्यासाठी ड्रॅगन बॉल म्हणजे हेच आहे. माझा एक मित्र पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. अभ्यासिकेतल्या त्याच्या टेबलावर गोकूचं एक फाटकं स्टिकर होतं. दोनदा पूर्वपरीक्षेत अडकला. मी विचारलं, हे स्टिकर कशाला रे? म्हणाला, "बाकी सगळे हिरो जिंकायला शिकवतात. हा एकटा हरल्यावर सराव कसा करायचा ते शिकवतो." आता अशा माणसाला तुम्ही 'नशिबाने निवडलेला' गोकू दाखवलात तर त्याच्या काय कामाचा? नशिबाने निवडलेल्याला हरायचीच सोय नसते.

सिनेमात क्रिलिन नाहीच. म्हणजे सोबत दूध टाकणारा, ईर्ष्या करणारा, मग जिवाचा मित्र होणारा पोरगाच गायब. रोशींच्या भूमिकेत चाओ युन-फॅट, म्हणजे आशियाई सिनेमातला केवढा मोठा नट! पण त्याच्या हातात काही दिलंच नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही ऐकून घ्या. पौर्णिमेचा चंद्र बघितला की शेपूटवाला गोकू प्रचंड वानर होतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. लहानपणी अशाच एका रात्री त्याच्याच पायाखाली त्याचे लाडके आजोबा गेले. त्याला वाटत राहतं, कुठल्यातरी राक्षसाने मारलं. त्याच्या मित्रांना पुढे अंदाज येतो, पण ते त्याला सांगत नाहीत. कित्येक वर्षांनी व्हेजिटाला तसंच वानररूप घेताना बघून गोकूला उलगडतं की तो राक्षस आपणच होतो. भर लढाईत तो मनातल्या मनात आजोबांची माफी मागतो. एवढ्या विनोदी कॉमिकच्या पोटात एवढं मोठं दुःख लपवलंय.

सिनेमात आजोबांना पिकोलो मारतो. खलनायकाने मारलं, आता हिरो सूड घेणार. विषय संपला. वानर शेवटी येतो खरा, पण पिकोलोचा चाकर म्हणून. ते प्रचंड रूपही नाही आणि ते ओझंही नाही. जी गोष्ट मनात काट्यासारखी राहायची, तिचं नेहमीचं सूडनाट्य झालं.

आता कुणी म्हणेल, अरे ४२ खंड ८५ मिनिटांत कसे बसवणार? बरोबर आहे. सगळं बसणारच नाही. क्रिलिन गाळा, स्पर्धा गाळा, चालेल. पण गोकूला कशाने आनंद होतो, हे दाखवायला ८५ मिनिटं लागत नाहीत. मी सांगितला ना तो गाडीचा प्रसंग? दोन मिनिटांचा आहे.

मग हे का झालं? याचं उत्तर खुद्द पटकथाकारानेच दिलंय. बेन रॅमसी यांनी २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली. त्यांचं म्हणणं असं होतं की मी मोठ्या मानधनाच्या मागे गेलो, चाहता म्हणून नाही तर धंदा म्हणून या कामाकडे पाहिलं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. सात वर्षांनी कोण माफी मागतं? आणि नटांनाही शिव्या देऊ नका. पिकोलो झालेला जेम्स मार्स्टर्स पुढे ड्रॅगन बॉल सुपरच्या इंग्रजी डबिंगमध्ये झमासूचा आवाज झाला. म्हणजे माणूस परत आला, आणि काम चोख केलं.

आणि तोरियामा? सिनेमा यायच्या आधी त्यांनी सभ्यपणे म्हटलं होतं की याकडे दुसऱ्याच विश्वातला ड्रॅगन बॉल म्हणून पाहा. पण २०१३ मध्ये त्यांनी मन मोकळं केलं. पटकथेत मूळ जगाची समज नव्हती, मी बदल सुचवले, पण त्यांना स्वतःवर भलताच विश्वास होता, ऐकलं नाही, असं त्यांनी सांगितलं. जो निघाला त्याला ड्रॅगन बॉल म्हणवत नाही, हेही.

इथे गोष्ट वळण घेते. ड्रॅगन बॉल आपल्यासाठी जुनी झालेली गोष्ट होती, पण त्या सिनेमाने चिडलो, नवीन अ‍ॅनिमेच्या पटकथेत हात घातला, आणि पुन्हा त्यात ओढला गेलो, असं त्यांनी नंतर म्हटलंय. २०१३ चा 'बॅटल ऑफ गॉड्स', २०१५ पासून ड्रॅगन बॉल सुपर, २०१८ चा 'ब्रोली'. 'ब्रोली'ची कथा त्यांचीच, आणि त्याने जगभरात दहा कोटी डॉलरहून जास्त कमावले. २००९ च्या सिनेमाला सहा कोटीही गाठता आले नव्हते. हरल्यावर सरावाला परत जायचं, हे त्यांनी नुसतं काढलं नाही, तसं वागूनही दाखवलं. १ मार्च २०२४ ला ते गेले, वयाच्या ६८ व्या वर्षी. शेवटपर्यंत ते गोकूवर काम करत होते.

म्हणून वाईट सिनेमाचे आभार मानायचे का? मुळीच नाही. दुरुस्ती तोरियामांनी केली, सिनेमाने नाही. प्रत्येक लेखकाच्या हातात अशी संधी आणि एवढी वर्षं नसतात. ज्याच्या हातात नसतात, त्याच्या नावावर तो वाईट सिनेमाच उरतो. जगात कुठेतरी असा मुलगा आहेच, ज्याने फक्त तो सिनेमा पाहिला आणि म्हणाला, "हाच का तुमचा गोकू? सोड यार."

आता पुढच्या वेळी तुमच्या आवडत्या कॉमिकवर सिनेमा किंवा सीरिज आली, की केस, कपडे, रंग नंतर बघा. आधी एकच बघा, की आपल्या हिरोला जे केल्यावर आनंद व्हायचा, त्यानेच यालाही होतोय का? २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर 'वन पीस' आली, मूळ लेखक एइचिरो ओदा यांना सोबत घेऊन. तिथेही खूप गाळलं, खूप बदललं. पण लुफी भुकेला आहे, हट्टी आहे आणि मित्र मिळाले की पोटभर हसतो. लोकांनी बाकीचं सगळं माफ केलं.

आणि ज्यांनी फक्त टीव्हीवरचा गोकू पाहिलाय, त्यांनी कॉमिकचा पहिला खंड मिळवा. सुरुवातीला कुणी केस सोनेरी करून ओरडत नाही. एक पोरगा आहे, पाठीवर मासा आहे, आणि समोरून गाडी येतेय. वाचा, आणि तुमच्या आवडत्या कॉमिकचं कुठल्या सिनेमाने वाट्टोळं केलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!