नेट बंद पडले, तर आधी तार पाहा



आज आपण एका तारेविषयी बोलू. कुणी तिला नेटची वायर म्हणतात, कुणी लॅन केबल म्हणतात. तिचे पुस्तकी नाव इथरनेट केबल.

सातबारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याचा अर्ज ही कामे आता नेटवर होतात. अर्जाला शेवटची तारीख असते. नेमके त्याच दिवशी नेट बंद पडले, तर मुलीची शिष्यवृत्ती हुकायची. मग आपण घाईने कुणाला तरी बोलावतो. तो म्हणतो, "डबी गेली, नवी घ्या." आपण मान डोलावतो आणि पैसे मोजतो. पुष्कळदा डबी धड असते. दोष असतो तारेत, किंवा तिच्या टोकाच्या नखाएवढ्या प्लगात.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, आम्ही आत्ताशी अक्षरं शिकलो. हे आम्हांला कसं जमायचं?" जमेल. नीट पाहावे आणि एका वेळी एकच गोष्ट तपासावी, एवढेच त्यात आहे.

आधी दोन तारा ओळखू. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. खांबावरून घरात येते ती बारीक तार बहुधा अशीच काचेची असते. तिच्यातून उजेड धावतो. ती डबीला येऊन मिळते. डबीपासून संगणकापर्यंत जाते ती तांब्याची तार. तिच्यातून वीज धावते, पण अगदी थोडी. आजचे बोलणे या तांब्याच्या तारेचे.

आता नेट बंद पडले आहे असे समजा. क्रमाने चला.

पहिले काम : डबीचे दिवे पाहा. काचेच्या तारेच्या डबीवर रोमन अक्षरांत 'एल ओ एस' असे लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला, तर दोष काचेच्या तारेत असतो. ती तार ओढू नका, मोडेल इतकी वाकवू नका, तिच्या टोकात डोळा घालून पाहू नका. नेट देणाऱ्याला कळवा.

दुसरे काम : लाल दिवा नाही, तर डबीजवळ उभे राहून मोबाइल वायफायवर लावा. मोबाइल चालला, म्हणजे घरापर्यंत नेट येत आहे. खोट पुढे आहे.

तिसरे काम : तांब्याच्या तारेचे दोन्ही प्लग काढून पुन्हा बसवा. 'टक्' आवाज आला पाहिजे. प्लगाची खिट्टी मोडली असेल, तर तो हळूहळू सुटत राहतो. डबीला अशी तीन-चार भोके असतात. दुसऱ्या भोकात घालूनही पाहा.

चौथे काम : शेजाऱ्याकडून एक चांगली, आखूड केबल आणा. संगणक डबीजवळ न्या आणि ती लावा. नेट चालले, तर डबी चांगली आणि संगणकही चांगला. दोषी ठरली ती जुनी तार. नवी डबी घेण्याचे पैसे इथेच वाचले.

पाचवे काम : तार हाताने चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. दारात चेंगरली आहे का? खिळा घुसला आहे का? उंदराने कुरतडली आहे का? आपल्याकडे, विशेषतः आंब्याच्या बाजूला, पाऊस फार. वळचणीला सोडलेल्या तारेत पाणी शिरते आणि आतले तांबे खराब होते. बाहेर न्यायची तार बाहेरच्या कामासाठी बनवलेलीच घ्यावी. एका तारेची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नको.

सहावे काम प्लगाचे. तारेच्या आत आठ बारीक तारा असतात. त्यांच्या चार जोड्या सुंभासारख्या पिळलेल्या असतात. असा पीळ दिला, की शेजारच्या तारांचा त्रास कमी होतो. टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली घेतले. प्लगात तारांचा क्रम असा लावतात : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खिट्टी खाली आणि तार आपल्याकडे धरली, की डावीकडून हा क्रम वाचावा. 'मगर' शब्दाची अक्षरे हलवली की 'गरम' होते. तसेच एका टोकाचा क्रम बदलला, की निरोप बिघडतो.

इथे एक फसगत होते. कुणी म्हणतो, जोड्या ओळीने लावू : नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दिसायला छान. दोन्ही टोके सारखी, म्हणून साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात. तरी नेट अडखळते. कारण तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीची लागते. इथे तिसरी हिरव्या जोडीची आणि सहावी निळ्या जोडीची झाली. एका जोडीचा बैल दुसऱ्या जोडीच्या बैलाशी जुंपला, तर नांगर नीट चालेल का? म्हणून दिवे लागले तरी रंग वाचून पाहा. प्लगाजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका.

आणखी एक खूण सांगतो. नेट चालते, पण वेग १००० चा १०० वर येतो. १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. तेव्हा निळी किंवा तपकिरी तार तुटली असावी, असा संशय घ्या.

विकत घेताना आतली तार खरवडून पाहा. आत पांढरी दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. ते लवकर मोडते.

शेवटी जिवाची गोष्ट. ही तार विजेच्या वायरीबरोबर एकाच नळीत घालू नका. वळवाचे ढग दिसू लागले, की गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा. विजा चमकू लागल्यावर तारेला हात लावू नका.

कारागिराला जरूर बोलवा. त्याची विद्या मोठी आहे, तिचा मान ठेवा. पण तो "डबी गेली" म्हणाला, तर विचारा, "आखूड तार लावून पाहिली का? रंगांचा क्रम तपासला का?" ज्याला वाचता येते, त्याला विचारताही आले पाहिजे. आज घरी जा आणि आपल्या तारेचे रंग मोठ्याने वाचून पाहा.